बॅग सर्वांत शेवटी

साखर कारखान्यातला माणूस ब्राझीलला निघाला की घरात आधी भाजायला पडतात ते चिवड्याचे पोहे. शेतकी अधिकारी, चीफ केमिस्ट, डिस्टिलरीचा एक जण आणि एखादा मुरलेला ऊस उत्पादक असा चमू अभ्यासदौऱ्यासाठी साओ पावलो राज्यात तीन-चार आठवडे राहणार, तर खाण्याची काळजी रास्तच. पण चिवडा आदल्या रविवारी केला तरी चालतो. आधीची कामे वेगळी आहेत.

पहिले म्हणजे मुहूर्त. आपले गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत उरकते. तिथले एप्रिलला सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत चालते. म्हणजे जून ते ऑगस्ट हा सोयीचा काळ: आपल्या मिल उघडून दुरुस्तीला ठेवलेल्या, त्यांच्या रात्रंदिवस फिरत असलेल्या. फक्त तो त्यांचा कोरडा हिवाळा असतो. इथल्या पावसाच्या नादात रेनकोट भरला जातो आणि स्वेटर राहतो.

दुसरे, पीतज्वराची लस. गंमत अशी, की भारतातून थेट येणाऱ्याकडे ब्राझील तिचा दाखला मागत नाही. परतताना आपलाच देश मागतो. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास गल्लोगल्ली आहे. त्यामुळे दाखला नसेल तर उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कालवलेली लस काही तासांतच संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रे ठरावीक वारी आणि आधी नाव नोंदवूनच देतात. डोस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, पुढे जन्मभर चालतो. अंड्याची ॲलर्जी असलेल्याने आणि साठी ओलांडलेल्याने आधी डॉक्टरांशी बोलावे. चमूत असा एक जण निघतोच, आणि ते कळते नेमके शेवटच्या आठवड्यात.

खरी तयारी मात्र आकड्यांची, आणि तीच कोणी करत नाही. तिथे उतारा, म्हणजे टनभर उसातून किती साखर निघते, हे विचारले तर उत्तर येते, ‘टनाला एकशे चाळीस किलो’. आपला माणूस लगेच चौदा टक्के धरतो आणि साडेअकराच्या आपल्या उताऱ्याची त्याला लाज वाटू लागते. लाजायचे कारण नाही. तो आकडा पोत्यात भरलेल्या साखरेचा नसतो. साखर आणि इथेनॉल दोन्हींकडे जाऊ शकणारी उसातली एकूण शर्करा त्यात धरलेली असते, आणि उसाचा दरही त्यावरच ठरतो. उत्पादनाचे तसेच. ते हेक्टरी बोलतात, आपण एकरी. हेक्टरी ऐंशी टन म्हणजे एकरी जेमतेम बत्तीस. आपला पाणीवाला बागायतदार त्यावर हसेल. पण तिथला बहुतेक ऊस पावसावरचा असतो आणि एका लागणीवर चार-पाच खोडवे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारी पिके, घेतात, हे कळले की हसू आवरते. तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या कारखान्याचे गाळप, उतारा, तोडणीचा खर्च, खोडव्याचे प्रमाण, स्पेंटवॉशचे, म्हणजे डिस्टिलरीतून निघणाऱ्या सांडपाण्याचे, काय करतो, हे सगळे हेक्टर आणि टनात एका पानावर लिहून काढावे. स्पेंटवॉश तर हमखास. तिकडचे कारखाने तो शेतात खत म्हणून सोडतात, आपल्याकडे आटवून बॉयलरमध्ये जाळण्यावर भर. चर्चा तिथेच रंगते.

तिथे दाखवायच्या स्लाइडमध्ये लाख-कोटी नकोत. पोर्तुगीजमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब, म्हणजे आपले 2.500 टक्के त्यांना अडीच हजार दिसतात. शून्ये छाटून 2,5 लिहावे. मथळे पोर्तुगीजमध्ये करून घ्यावेत. कारखान्यातल्या फिटरशी इंग्रजी चालेलच असे नाही, आणि खरी माहिती फिटरकडेच असते.

आता चहा. तिथे काही शहरांत 127 व्होल्ट, काहींत 220. मोबाइलच्या चार्जरला फरक पडत नाही, पण आपली 230 व्होल्टची 1500 वॉटची केटली 127 वर लावली तर साडेचारशे वॉटच्या आसपास रखडते आणि पाणी तापेपर्यंत न्यायला आलेली गाडी दारात उभी असते. प्लगही वेगळा, तीन गोल पिनांचा अडॅप्टर घ्यावा. जेवणात भात आणि घेवड्याची उसळ रोज असते, पण उसळीत डुकराचे मांस असू शकते. शाकाहाऱ्याने ‘मांस नको’ एवढ्यावर न थांबता कोंबडी, हॅम, मासे ही नावे एकेक करून सांगावीत.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत. सुक्या खोबऱ्याची वाटी मात्र कुठल्याच बॅगेत नको; तेलामुळे ते पेट घेते म्हणून सुरक्षा तपासणीत काढून टाकतात. शेतात घालायचे बूट धुऊन न्यावेत आणि येतानाही धुऊनच आणावेत. तिकडच्या एखाद्या जोमदार वाणाचे टिपरे, म्हणजे लागणीसाठी कापलेले उसाचे कांडे, गुंडाळून आणायचा मोह ऊसवाल्याला होणारच. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे, आणि टिपऱ्यातून आलेला रोग आधी त्याच्याच शिवारात उतरेल. वाणाचे नाव आणि ज्या संस्थेने ते काढले तिचा पत्ता लिहून आणावा; रीतसर मागवायला तेवढे पुरते.