सालबर्डीचे ऊन पाणी आणि ‘अर्ध्या घंट्याची’ वाट

अमरावती जिल्ह्यातील मोर्शीपासून आठ किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याशी, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर सालबर्डी आहे. तेथील गरम पाण्याचे झरे पाहण्यास पैसे पडत नाहीत, महादेवाची गुहा त्यापुढे अर्ध्या तासावर आहे आणि दोन्ही उरकून दुपारच्या जेवणाला घरी परतता येते, असे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितले होते. यापैकी पहिली गोष्ट खरी आहे. दुसऱ्या गोष्टीमुळे हा मजकूर लिहावा लागत आहे, आणि तिसरी तर दुसरीवरच उभी होती.

जानेवारीतील एका शनिवारी पहाटे साडेचारला मी, मामेभाऊ आणि वहिनी असे तिघे दोन मोटारसायकलींवरून आर्वी तालुक्यातील आमच्या गावाहून आष्टीमार्गे निघालो. प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. हातमोजे विसरल्यास बोटे बधिर होतात, एवढे पुरे. सातच्या सुमारास सालबर्डीत पोहोचलो, तेव्हा पाण्यावरून खरोखरच वाफ निघत होती. मामेभावाच्या मोबाइलवर ज्या चित्रफिती होत्या त्यांत जणू कढईतून उसळावी तशी वाफ दिसत होती, आणि त्यावरून आम्ही पाणी उकळते असल्याची समजूत करून घेतली होती. तसे मुळीच नाही. हिवाळ्याच्या पहाटे हवा गार असते, म्हणून कोमट पाण्यावरही वाफ दिसते; त्याच पाण्यावर दुपारी दोन वाजता काही दिसत नाही. पाणी अंगाला सुखकर वाटेल इतपत ऊन आहे, म्हणजे घरी न्हाणीघरात बंबातून बादलीत काढून विसण घातल्यानंतर जसे लागते तसे. अंडी उकडण्याचा किंवा तांदूळ शिजवण्याचा बेत कोणी केला असेल, तर तो सोडून द्यावा. गंधकाचा वास येतो असे सर्वजण सांगतात. आमच्या नाकाला मात्र त्या सकाळी साबणाचाच वास अधिक आला, कारण शेजारी दोन जण निवांतपणे कपडे धूत बसले होते. गरम झऱ्याजवळच थंड पाण्याचाही झरा आहे, आणि एकात हात घालून लगेच दुसऱ्यात घालण्याची गंमत मुलांना फार आवडेल. सीतेची न्हाणी म्हणून जी जागा दाखवतात तिची कथा गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडूनच ऐकावी, तरुण मुले ती दोन वाक्यांत गुंडाळतात.

येथे आमची मोठी चूक झाली. वाफ आहे तोवर स्नान उरकावे म्हणून आम्ही पाऊण तास पाण्यात बसलो. बाहेर आलो तेव्हा अंग हलके, पाय मऊ आणि डोळ्यांवर झापड, अशी स्थिती होती. अशा वेळी पोहे खाऊन झाडाखाली पडून राहावे; आम्ही डोंगर चढायला निघालो. गाडी लावण्याच्या जागी एका मुलाने दर गाडीमागे पन्नास रुपये घेतले आणि पावती मागताच “पावती जत्रेतच भेटते, भाऊ,” असे उत्तर दिले. झरा फुकट आहे, पण त्याच्यापाशी उभे राहणे फुकट नाही, हे तेव्हा कळले. त्याच मुलाला गुहेची वाट विचारली तर तो म्हणाला, “हे काय, इथंच हाय. अर्ध्या घंट्यात पोचता.” आम्ही साडेनऊला निघालो आणि अकरा वाजून गेल्यावर पोहोचलो.

यातील सुरुवातीची पायवाट साधी आहे, तिच्याविषयी लिहिण्यात अर्थ नाही. पायऱ्यांवर दम लागतो, पण पाय कुठे टाकायचा हे कळते. खरी अडचण नदीपात्रातून जाणाऱ्या भागाची आहे. तेथे वाट अशी नाहीच. नारळाएवढ्या गोट्यांपासून बैलगाडीच्या चाकाएवढ्या धोंड्यांपर्यंत सगळे एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे पडलेले आहे, मधून पाणी वाहते, आणि दर चार पावलांनी एखादा गोटा पायाखाली हलतो. मामेभावाच्या चपलेचा अंगठा येथेच तुटला. वहिनींनी बूट घातले होते, म्हणून त्या आमच्या पुढे निघून गेल्या आणि प्रत्येक वळणावर थांबून आमच्याकडे पाहत राहिल्या. ते पाहणे गोट्यांपेक्षा अधिक टोचले. मी दोनदा घसरलो, दुसऱ्यांदा कोपर फुटले.

दुसऱ्यांदा पडल्यावर बसलो असताना एक गोष्ट लक्षात आली, आणि ती पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. या पात्रात दोन जातींचे दगड आहेत. काळे, गुळगुळीत दगड बेसाल्टचे आहेत, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे, ज्याने आपला बहुतेक वऱ्हाड झाकलेला आहे. भुरे, खरखरीत दगड वालुकाश्माचे असून ते त्याहून पुष्कळ जुने आहेत. एरवी हा जुना थर लाव्ह्याखाली गाडलेला असायला हवा. येथे जमिनीला मोठा भ्रंश, म्हणजे खोल भेग, पडून एक बाजू वर उचलली गेली, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. ऊन पाण्याचे कारणही अशा भेगांतच आहे. आपल्याकडे ज्वालामुखी वगैरे काही धगधगत नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढत जाते, आणि तापलेले पाणी भेगेच्याच वाटेने पुन्हा वर येते. याच परिसरातील थरांत संशोधकांना डायनासोरचे जीवाश्म सापडलेले आहेत, तेव्हा वेगळा दिसणारा दगड खिशात घालून आणू नये. आमच्यापुरता व्यवहार एवढाच होता की, ओला काळा दगड दगा देतो आणि भुरा दगड पाय धरून ठेवतो. हे कळल्यानंतर मी पडलो नाही.

पात्र ओलांडून वर चढले की गुहा येते. ती मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात आहे. सालबर्डी हे गावच दोन राज्यांत विभागलेले आहे, त्यामुळे वाटेत राज्य केव्हा बदलले ते कळत नाही. आत वाकून जावे लागते. बाहेर ऊन चढलेले असताना आतील गारवा आणि अंधारातील महादेवाची पिंड पाहून मला तासभर कोणाशी बोलावेसे वाटले नाही, आणि त्या तासात मी गाडीवाल्या मुलालाही क्षमा केली होती. उतरताना तेच गोटे पुन्हा लागल्यावर ती मागे घेतली.

माझे मत स्पष्ट आहे. गुहा आधी करावी आणि स्नान नंतर. पहाटे उजाडताच चढायला लागावे, म्हणजे उन्हाच्या आत परत येता येते, आणि मग दुखऱ्या गुडघ्यांनी ऊन पाण्यात उतरावे. त्या वेळी वाफ दिसणार नाही, पण वाफ छायाचित्रासाठी असते, ऊब गुडघ्यांसाठी. आम्ही परतल्यावर दुसऱ्यांदा पाण्यात बसलो तेव्हाच या झऱ्याची खरी किंमत कळली. वाफ आणि ऊब दोन्ही हवी असतील तर मोर्शीत मुक्काम करावा. माणशी दोन लिटर पाणी न्यावे. आम्ही तिघांत एक बाटली नेली होती आणि वाटेत पिण्याच्या पाण्याची सोय मिळेल हा भरवसा चुकीचा ठरला. सुट्टे पैसे ठेवावेत आणि पावतीचा आग्रह धरावा, मिळेल अशी आशा धरू नये. दिवस कलल्यावर वर थांबू नये, कारण हे बिबट्याचे रान आहे. पावसाळ्यात पात्रातून जाण्याचा विचारही करू नये. महाशिवरात्रीला येथे दोन्ही राज्यांतून मोठी यात्रा भरते. श्रद्धेने जाणाऱ्यांनी तेव्हा अवश्य जावे, झऱ्यात शांतपणे बसू इच्छिणाऱ्यांनी त्या आठवड्यात फिरकू नये. विदर्भाच्या मे महिन्यात गरम झऱ्यावर जाणाऱ्याला काही सांगण्याची माझी पात्रता नाही.

बायकांसाठी एक स्वतंत्र सूचना वहिनींनी लिहायला सांगितली आहे: कपडे बदलण्यास आडोसा मिळेलच असे गृहीत धरू नये, गडद रंगाची एक मोठी चादर आणि दोन सेफ्टी पिना पिशवीत असाव्यात. या पाण्याने त्वचारोग बरे होतात अशी श्रद्धा आहे. मला त्याचा अनुभव नाही, पण अंगावर उघडी जखम असेल तर जेथे दहा जण आंघोळ करतात त्या कुंडात उतरू नये, हे सांगायला वैद्य लागत नाही. माझे फुटलेले कोपर मी बाहेरच ठेवले होते. रक्तदाबाच्या माणसाने दहा मिनिटांत बाहेर यावे आणि उठताना कोणाचा तरी हात धरावा.

सालबर्डीच्या आधी आम्ही पैनगंगेकाठचे उनकेश्वर पाहिलेले होते. ते नांदेड जिल्ह्यात येते, पण आमच्या यवतमाळकडील नातेवाइकांना ते आपलेच वाटते. तेथील पाणीही ऊन आहे, शरभंग ऋषींची कथा आहे, आणि नावातच ‘ऊन’ असल्यामुळे फसवणूक होत नाही. चालायला नको असणाऱ्यांनी सालबर्डीची गुहा सोडून सरळ उनकेश्वर करावे. वणी तालुक्यातील कायर येथेही असा झरा आहे. तो आमच्या यादीत पुढचा आहे.

दुसऱ्या दिवशी अप्पर वर्धा धरण आणि महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र रिद्धपूर पाहिले. दोन्ही ठिकाणी गाडी दारापर्यंत जाते आणि काही त्रास होत नाही. मोर्शीच्या बसस्थानकाजवळ मामेभावाची चप्पल वीस रुपयांत शिवून मिळाली, ती त्याने अजून वापरात ठेवली आहे. कायरला तो बूट घालून येणार आहे.