ओटी सुरू करताना: नखं, झोका आणि वही

स्पर्श, आवाज, हालचाल अशा संवेदना काही मुलांना फार झोंबतात, तर काहींना पुरेशा जाणवतच नाहीत. अशा मुलांना रोजची कामं जमावीत म्हणून ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, देतात. ती सुरू होण्याआधी कानांची तपासणी उरकून घ्या. हाक मारली तरी मूल वळून बघत नाही, याचं कारण कधी कधी कानात साचलेलं पाणीही असतं.

पहिल्या भेटीत लांबलचक प्रश्नावली हातात येते. सगळीकडे ‘कधी कधी’वर खूण करत सुटलात तर तिचा उपयोग शून्य. गेल्या पंधरवड्यातला प्रसंग आठवायचा, मगच उत्तर द्यायचं.

‘संवेदना सुधारणे’ हे उद्दिष्ट मला कधीच पटलं नाही. सुधारल्या हे कळणार कशावरून? ‘एका बैठकीत एका हाताची नखं कापू देईल’ असं लिहून घेतलं की मोजता येतं. मूल ओरडेल या धास्तीने आपण बोट अगदी हलकं धरतो, आणि नेमका हलका स्पर्शच अशा बऱ्याच मुलांना झोंबतो. तळहाताला नीट आधार द्यायचा, प्रत्येक बोटाचं टोक आधी दाबायचं, मग कापायचं. अंघोळीनंतर नखं मऊ असतात. कापण्याआधी पाच-दहा मिनिटं अंगमेहनत: भिंत ढकलणं, पुस्तकांनी भरलेली पिशवी खोलीभर ओढणं. स्नायू-सांध्यांवर जोर पडला की बरीच मुलं निवळतात.

झोक्याच्या बाबतीत मात्र घरी हमखास घोळ होतो. संथ, एका लयीत पुढे-मागे झोका शांत करतो. गरगर फिरवणं चाळवतं, आणि त्याचा त्रास नंतरही जाणवू शकतो. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, जांभया सुरू झाल्या की तिथेच थांबायचं. ‘याला चक्करच येत नाही’ म्हणून फिरवत राहणं तर मुळीच नको.

वजनदार पांघरूण मुलाला स्वतः बाजूला सारता आलं पाहिजे. तान्ह्या बाळाला ते नकोच. अंगावर ब्रश फिरवण्याची पद्धत व्हिडिओ पाहून करू नये. त्यात पोट, छाती, चेहरा वगळतात, आणि तिचा पुरावाही तोकडाच आहे.

पहिल्याच दिवशी निदानाचा शिक्का मिळाला तर सावध व्हा. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेत, संवेदनांच्या या अडचणींना स्वतंत्र निदान नाही. ऑटिझमच्या निकषांत त्या येतात. बालविकासतज्ज्ञांची तपासणी वेगळी करावीच लागते.

आमच्या वहीत तीनच रकाने: काय केलं, किती वेळ, पुढचे दोन तास कसे गेले. तीन महिन्यांनी नखांची रड तीच असेल, तर थेरपिस्टसमोर वही ठेवून उपक्रम बदलायला सांगायचं. नुसती सत्रं वाढवून घ्यायची नाहीत.