पहाटे चारला जाग येते, फिरायला जाऊ का?

मी फिजिओथेरपिस्ट. पुण्यात ज्येष्ठांचे व्यायामाचे वर्ग घेते. वर्गात कुणी ना कुणी काका हे विचारतातच: "चारला डोळे उघडतात. लोळत पडण्यापेक्षा टेकडीवर गेलेलं बरं ना? डोकंही तल्लख राहतं म्हणे."

माझा उलटा प्रश्न ठरलेला: रात्री आडवे कधी झालात? नऊला झोपून चारला उठलात तर सात तास झाले, खुशाल तळजाईच्या टेकडीवर जा. पण साडेअकरापर्यंत मालिका, त्यावर बातम्यांमधली भांडणं बघून चारला बूट चढवत असाल, तर त्याचं कौतुक माझ्याकडून होणार नाही. आपल्याकडे पहाटे उठण्याला फार पुण्य चिकटलंय. 'लवकर निजे, लवकर उठे' यातला पहिला अर्धा भाग सोयीनं विसरला जातो.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ८,९५८ लोकांची झोप, हालचाल आणि डोक्याचा तल्लखपणा यांची दहा वर्षांची माहिती तपासली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचण्या साध्या होत्या. दहा शब्द ऐकायचे, ते लगेच आणि थोड्या वेळानं पुन्हा आठवायचे. एका मिनिटात जमतील तितक्या प्राण्यांची नावं सांगायची. (करून बघा. गाय, म्हैस, बकरीनंतर भलेभले अडतात.) सुरुवातीला जास्त हालचाल करणारे पुढे होते, मग झोप कितीही असो. पण त्यांच्यातले सहा तासांहून कमी झोपणारे भराभर घसरले आणि दहा वर्षांनी, फारशी हालचाल न करणाऱ्यांच्या पंगतीत येऊन बसले. हे पन्नाशी-साठीतल्यांचं. सत्तरीपुढच्यांमध्ये मात्र झोप कमी असूनही व्यायामाचा फायदा टिकलेला दिसला. म्हणून सत्तरी ओलांडलेल्यांना मी फार टोकत नाही. रागावते ती नुकतेच निवृत्त झालेल्यांवर.

अर्थात ही पाहणी आहे. कमी झोपेमुळेच डोकं मंदावलं असं तिच्यावरून सिद्ध होत नाही. स्मृतिभ्रंशाच्या आजारात झोप आधीपासून बिघडलेली असू शकते, म्हणजे गाडी उलट दिशेनंही धावत असेल. तरी चालण्यासाठी झोप मोडावी, असं काही त्यातून निघत नाही.

आता ज्यांना खरंच लवकर जाग येते त्यांचं. वय वाढलं की शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. संध्याकाळी लवकर पेंग येते, पहाटे लवकर जाग येते, गाढ झोपही कमी होते. एवढ्यानं आजार झाला असं समजायचं कारण नाही. पण साडेआठला टीव्हीसमोर डुलकी, मग अकराला अंथरुणावर टक्क जागे, असं चाललं असेल तर मी चालणं संध्याकाळवर न्यायला सांगते. संध्याकाळचा उजेड हे घड्याळ जरा मागे ओढतो. सकाळचा उजेड ते आणखी पुढे पळवतो. शिवाय अंधारात टेकडीच्या दगडांवर पाय घसरायची भीती राहत नाही. या वयात खुब्याचं हाड मोडलं की कित्येक महिने व्यायामाचं नाव नको.

आणि नुसतं चालून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही सांगते. हात न टेकता खुर्चीतून पुन्हापुन्हा उठणं, हा त्यातला सगळ्यात स्वस्त. काकांना तो कमीपणाचा वाटतो. पाचव्या वेळी धाप लागली की वाटत नाही.

एवढं करूनही झोप लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा, पण शेजाऱ्यांच्या डबीतली झोपेची गोळी घेऊ नका. डायझेपामच्या जातीच्या गोळ्यांनी उतारवयात तोल जातो, गोंधळल्यासारखं होतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर तिची वेळ बदलता येईल का, तेही डॉक्टरांना विचारा. रात्रीचे हेलपाटे पुष्कळदा तिच्यामुळेच असतात. दुपारी जेवल्यावर दोन तास ताणून देणाऱ्यांनी रात्रीच्या झोपेबद्दल तक्रार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जोरजोरात घोरताना मध्येच श्वास अडकत असेल, तर त्याची तपासणी हवीच. तुम्ही घोरता का, हे मी तुम्हाला विचारत नाही. काकूंना विचारते.