आर्च झाली, आता त्या घराकडे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर बायको म्हणते तसं मी हे न विचारताही सांगतोच. इथे अमेरिकेत, सेंट लुईसला आमच्याकडे कोणीही आलं की आर्च, म्हणजे इथली ती प्रसिद्ध उंच कमान, बघून होते आणि मग मी गाडी लॅबडी ॲव्हेन्यूकडे वळवतो. आमच्या घरात सगळे त्याला लबाडीच म्हणतात आणि स्टोरी ऐकली की पाहुण्यांनाही ते पटतं.

४६०० नंबर. दोन कुटुंबांसाठी बांधलेलं साधं विटांचं दुमजली घर, आत जायचं नाही, रस्त्यावरूनच बघायचं. मिसिसिपीहून आलेल्या जे. डी. आणि एथेल शेली या कृष्णवर्णीय जोडप्याने १९४५ मध्ये ते घेतलं, सहा पोरं पदरात. त्यांना माहीतच नव्हतं की १९११ मध्ये तिथल्या घरमालकांनी करार केला होता, की ५० वर्षं इथे 'निग्रो किंवा मंगोलियन वंशाच्या' कुणाला राहू द्यायचं नाही. (आपण देशी लोक यात कुठे बसतो, हे प्रत्येक पाहुणा विचारतोच!) त्याच रस्त्यावरचे क्रेमर कोर्टात गेले, मिझुरीचं सुप्रीम कोर्ट शेलींच्या विरोधात गेलं, आणि मग ३ मे १९४८ ला वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात, शेलींच्या बाजूने ६-० निकाल लागला. नऊपैकी तीन जज बसलेच नाहीत, कारण दिलं नाही, पण त्यांची स्वतःची घरंही असल्याच करारात असावीत असं लोक अजून म्हणतात.

आता गंमत बघा, करारच बेकायदा असं कोर्ट म्हणालं नाही. आपसात पाळायचा तर पाळा, पण सरकारी कोर्ट तो जबरदस्तीने पाळायला लावणार नाही, कारण ते चौदाव्या घटनादुरुस्तीच्या (कायद्यापुढे सगळे समान, असं सांगणाऱ्या) विरुद्ध, एवढंच. घर विकताना-भाड्याने देताना भेदभाव करायलाच बंदी आली ती १९६८ च्या कायद्याने, म्हणजे मधे वीस वर्षं गेली.

मला हे घर का खेचतं, तर तो कराराचा कागद, भेदभाव निदान लिहून तरी ठेवलेला. इकडे येण्याआधी पुण्यात फ्लॅट शोधत होतो, ब्रोकरने फोनवर आधी आडनाव विचारलं, मग "घरी नॉनव्हेज होतं का?", आणि दुसऱ्या दिवशी "ओनरच्या मुलालाच लागतोय हो फ्लॅट". दोन महिन्यांनी त्याच फ्लॅटची ॲड परत दिसली. कोर्टात न्यायला माझ्याकडे होतं काय, एक कॉल लॉग.

मागच्या समरला मावशी आली होती, घराकडे बघून म्हणाली, "एवढंसंच आहे की रे." मग गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प, आणि हायवेला लागल्यावर, "तो पुण्याचा ब्रोकर, त्याला आडनाव सांगितलंस तेव्हा मी शेजारीच होते ना?"

होतीस.