तार्सुसमधली खरी नुसरेत

दार्दनेल्स सामुद्रधुनीवरच्या चानाक्काले शहरात, नौदल संग्रहालयात जी नुसरेत बघायला मिळते ती प्रतिकृती, २०११ साली बांधलेली. पाणसुरुंग पेरणारं मूळ जहाज तुर्कस्तानच्या दक्षिणेला, तार्सुसच्या बागेत ठेवलंय. ते बघितल्याशिवाय परतायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. अदानाहून मेरसिनकडे जाणारी गाडी धरली. सेंट पॉलचं जन्मगाव म्हणून तार्सुसला बरेच लोक येतात; मी मात्र स्टेशनवरून थेट बाग गाठली.

समोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो लहानपणा. लांबी जेमतेम ४० मीटर. जर्मनीत कीलला १९११ मध्ये बांधलेली ही बोट १९१३ मध्ये ऑटोमन नौदलात दाखल झाली. पहिल्या महायुद्धात दार्दनेल्समध्ये तुर्कांनी सुरुंगांच्या रांगा सामुद्रधुनीला आडव्या घातल्या होत्या. पण तोफा डागून परतणारी दोस्तांची (ब्रिटिश-फ्रेंच) जहाजं एरेनकोयच्या उपसागरात वळण घेतात, हे तुर्कांनी टिपून ठेवलं होतं. ८ मार्च १९१५ च्या पहाटे, अंधारात, कप्तान हक्की बे यांनी तिथेच २६ सुरुंग सोडले, किनाऱ्याला समांतर.

ते काढायचे कोणी? ब्रिटिशांनी उत्तर समुद्रातले मासेमारी ट्रॉलर आणले होते, त्यांवर बरेचसे कोळीच. दोन ट्रॉलरनी मधे तार ओढत न्यायची, तारेत सुरुंग अडकवायचा. मार्मारा समुद्राकडून येणारा प्रवाह सतत विरुद्ध, वरून सर्चलाइट आणि दोन्ही काठांवरून तोफा. चानाक्कालेसमोरच्या किलितबाहिरला जाणाऱ्या फेरीबोटीतून मी तो प्रवाह बघितला आहे. त्या माणसांनी कच खाल्ली असा ठपका तेव्हा ठेवला गेला, तो मला अजिबात मान्य नाही.

एरेनकोयची रांग जागेवरच राहिली. १८ मार्चला फ्रेंच युद्धनौका बुव्हे सुरुंगावर गेली आणि दोनेक मिनिटांत सहाशेहून जास्त माणसांसह बुडाली. इर्रेसिस्टिबल आणि ओशन या ब्रिटिश युद्धनौकाही गेल्या, इन्फ्लेक्सिबल कशीबशी वाचली. नुसत्या आरमाराच्या बळावर सामुद्रधुनी फोडायचा बेत तिथेच फसला. मग २५ एप्रिलला गॅलिपोलीवर सैन्य उतरलं. त्यात भारतीय पर्वतीय तोफखानाही होता.

इथपर्यंतची गोष्ट चानाक्कालेत सगळे सांगतात. तार्सुसला यायचं ते पुढच्या गोष्टीसाठी. १९३७ मध्ये या बोटीचं नाव बदलून 'यार्दिम', म्हणजे मदत, ठेवलं आणि तिला पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर्सच्या कामाला लावलं. नंतर जुनं नाव परत मिळालं. १९५५ मध्ये निवृत्ती, १९६२ मध्ये विक्री. खासगी मालकाकडे 'कप्तान नुसरेत' या नावाने ती माल वाहत राहिली आणि शेवटी मेरसिनजवळ बुडाली. कित्येक वर्षं तशीच पाण्याखाली होती. १९९९ मध्ये स्वयंसेवकांनी तिला वर काढलं आणि २००३ मध्ये तार्सुस नगरपालिकेने डागडुजी करून इथे आणलं.

मालवाहू करताना तिचं रूप बरंच बदललं होतं, त्यामुळे १९१५ ची बोट हुबेहूब बघायची तर चानाक्कालेची प्रतिकृतीच बरी. पण लोखंड खरं आहे ते इथलं. अदाना-मेरसिन भागात जाणं झालं तर अर्धा दिवस तार्सुससाठी राखून ठेवा.