४६ किलोमीटरचा किनारा, एक तंबू आणि मिठागरं

स्लोव्हेनियाला समुद्र आहे, हेच म्युनिकमधल्या आमच्या अर्ध्या मित्रमंडळींना माहीत नव्हतं. आहे, पण जेमतेम ४६ किलोमीटर. महाराष्ट्राचा सातशेहून जास्त किलोमीटरचा किनारा डोक्यात असला की हे ऐकून हसूच येतं. एका बाजूला इटली, दुसऱ्या बाजूला क्रोएशिया, मध्ये एवढीशी पट्टी. बहुतेक गाड्या इथे न थांबता क्रोएशियाकडे पळतात. आम्ही मात्र इथेच तंबू ठोकायचा ठरवला. त्याचं मुख्य कारण आई-बाबा. ते उरणहून उन्हाळ्यासाठी आले होते आणि त्यांना घेऊन रोज नव्या गावी बाडबिस्तरा हलवायची माझी तयारी नव्हती. इथे एकदा खुंट्या मारल्या की काम झालं. इझोला, पिरान, मिठागरं, काय हवं ते अर्ध्या तासात.

म्युनिकहून अंतर साधारण ५०० किलोमीटर. ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग, टाउअर्न पर्वतातले बोगदे, मग जवळपास ८ किलोमीटरचा कारावांकन बोगदा, आणि बाहेर पडलात की स्लोव्हेनिया. विन्येट, म्हणजे महामार्गाचा पास, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया दोन्ही देशांचं वेगळं घ्यायचं आणि टाउअर्न, कारावांकनचा टोल त्यावर वेगळा. राजधानी लुब्ल्याना मागे टाकून शेवटचा घाट उतरायला लागलं की समोर कोपर बंदराच्या क्रेन दिसतात.

या देशात मनाला येईल तिथे तंबू टाकता येत नाही, अधिकृत कॅम्पातच उतरावं लागतं. आमचा कॅम्प स्ट्रुन्यानजवळ होता. जागा चिंचोळ्या, शेजारी अगदी खेटून. जमीन इतकी टणक की पहिल्या दोन खुंट्या वाकल्याच. शेवटी शेजारच्या डच आजोबांनी आपला रबरी हातोडा आणून दिला आणि आमचं काम होईपर्यंत देखरेखही केली. सकाळी आईने गॅसवर कुकर चढवला. पहिली शिट्टी झाली तेव्हा आजूबाजूच्या तीन-चार तंबूंतून डोकी बाहेर आली. दुसऱ्या दिवसापासून कुणी बघेना, आणि आजोबा पोह्यांची ताटली घेऊन जायला लागले.

आता स्पष्टच सांगतो, वाळूत लोळायला येणार असाल तर इथे येऊ नका. आलिबाग-काशिदची सवय असलेला माणूस इथे चिडणार. किनारा गोट्यांचा किंवा चक्क सिमेंटच्या ओट्यांचा. लोक ओट्यावर टॉवेल पसरतात आणि लोखंडी शिडीने पाण्यात उतरतात. खडकांत काटेरी समुद्री जीव असतात, तेव्हा रबरी बूट हवेतच. पाणी मात्र असं नितळ की कमरेएवढ्या पाण्यात पायाची नखं दिसतात. स्ट्रुन्यानला ८० मीटर उंचीचा कडा सरळ समुद्रात उतरतो. वाळूच्या खडकाचा थर, त्यावर मऊ मातकट थर, पुन्हा खडक, असे शेकडो पट्टे. पायथ्याच्या चंद्रखाडीत उतरायची वाट दमवते, पण पोहावं तर तिथे. वरच्या सावलीत आई-बाबा बसून राहिले, त्यांचंही काही बिघडलं नाही.

सायकली भाड्याने घेतल्या तर परेंझाना सोडू नका. इटलीतलं त्रिएस्ते ते क्रोएशियातलं पोरेच ही १२३ किलोमीटरची अरुंद रेल्वे १९०२ ते १९३५ धावली. रूळ गेले, वाट सायकलवाल्यांना मिळाली. पोर्तोरोझकडे जाताना जुना बोगदा लागतो, आत भर दुपारीही अंगावर काटा येईल इतका गारवा. खुद्द पोर्तोरोझ म्हणजे हॉटेलं आणि कॅसिनो. आम्ही आइस्क्रीम खाल्लं आणि निघालो.

पिरानला गाडी गावाबाहेर ठेवावी लागते, तेच बरं. १७९७ पर्यंत हे गाव व्हेनिसच्या ताब्यात होतं आणि त्याच्या गल्ल्या अजून ते विसरलेल्या नाहीत. मधला गोल चौक म्हणजे १८९४ मध्ये बुजवलेलं आतलं बंदर. तिथे व्हायोलिनवादक तार्तिनीचा पुतळा आहे, तो जन्माने इथलाच, १६९२ चा. चर्चच्या मनोऱ्यावर चढलात की उजवीकडे इटली, डावीकडे क्रोएशिया. देशाचा अख्खा किनारा मान वळवून बघून होतो.

पण आमची खरी सहल झाली सेचोव्ल्येच्या मिठागरांत. बाबांनी तरुणपणी उरणला मिठागरात काम केलंय. तिकीट काढताना ते कुरकुरत होते, "मीठ बघायला पैसे?" आत गेले आणि गप्प झाले. लाकडी दांड्याच्या लांब फळीने एक बाई वाफ्यातलं मीठ ओढून ढीग लावत होती. रुळांवरची लाकडी ढकलगाडी बाजूला उभी. बाबा बांधावर उकिडवे बसले, बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, हिला विचार, ह्यात चिखल कसा येत नाही? आम्ही पायांनी तुडवून तुडवून तळ घट्ट करायचो, तरी मीठ मातकटच निघायचं."

मी विचारलं. उत्तर असं की इथे वाफ्याच्या तळाशी पेतोला नावाचा पातळ थर मुद्दाम वाढवतात. सूक्ष्म जीव, जिप्सम आणि माती यांचा तो जिवंत गालिचा मीठ आणि चिखल यांच्यामध्ये राहतो. तो फाटू नये म्हणून वर्षभर त्याची निगा राखावी लागते. ही पद्धत चौदाव्या शतकापासून चालत आली आहे. बाबांनी मान हलवली. "बरोबर. आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

पूर्वी पिरानची कुटुंबं वसंतात मुलाबाळांसकट इथे राहायला यायची, ती ऑगस्ट सरताना परतायची. खाली मिठाचं कोठार, वर बिऱ्हाड. फोंतानिजे भागात त्या घरांच्या दगडी भिंती ओळीने पडक्या उभ्या आहेत. आजूबाजूला बगळे आणि शेकाटे, अगदी उरणच्या पाणथळीसारखे. दुकानात मिठाची एवढीशी डबी आणि मीठ घातलेलं चॉकलेट मिळतं. डबीची किंमत बाबांनी रुपयांत काढली आणि डबी परत फळीवर ठेवली. आईने ती गुपचूप उचलली.

एक संध्याकाळ आतल्या बाजूला ह्रास्तोव्ल्येला द्या. तटबंदीच्या आत छोटं चर्च, आणि भिंतीवर १४९० चं चित्र: सांगाडे राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना हाताला धरून थडग्याकडे नेताहेत. त्यातला एक श्रीमंत मृत्यूला लाच द्यायला बघतो. शतकानुशतकं हे चुन्याखाली झाकलेलं होतं, १९४९ मध्ये सापडलं. श्कोत्स्यानच्या गुहाही जवळच, पण तिथे पायऱ्या खूप आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं.

कधी जायचं? बव्हेरियातल्या, म्हणजे म्युनिकच्या राज्यातल्या, शाळावाल्यांनी सुट्टीचा शेवट, म्हणजे सप्टेंबरचा पहिला आठवडा धरावा. बाकी जर्मनीच्या बहुतेक शाळा तेव्हा सुरू झालेल्या असतात, पाणी अजून कोमट असतं. मे-जूनच्या सुट्टीत पाणी गार लागतं. आणि जुलै-ऑगस्टमधल्या शनिवारी निघू नका, कारावांकनच्या तोंडाशीच अर्धा दिवस जाईल.