ब्रेक लागतो, पण खाली जाऊन लागतो

आमच्या पद्मिनीचा ब्रेक लागत नाही, असं कधीच नव्हतं. लागायचा. पण पॅडल अर्ध्याच्या खाली जायचं आणि तिथेही पाय टणक जागी न टेकता उशीत रुतल्यासारखा रुतायचा. सासऱ्यांना, म्हणजे नानांना, त्याची इतकी सवय झालेली की ते सिग्नलच्या शंभर पावलं आधीच पॅडलवर एकदा पाय आपटून ठेवायचे. ‘फियाटचा ब्रेक असाच असतो’ हे त्यांचं मत. (गाडीच्या पाठीवर ‘प्रीमियर’ लिहिलंय, पण आमच्या घरात ती फियाटच.)

गाडी 1979 ची. चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणारा लोखंडी डबा, त्याला आतून दोन ‘शू’ दाबतात), पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, ऑईलचं सर्किट एकच. म्हणजे कुठेही गळती झाली की चारही चाकं गेली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, गाडी दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय नाही. पण पाटणहून पुढे कोयनानगर ओलांडून कुंभार्ली घाट उतरताना पॅडल खाली जातं तेव्हा माणूस आपोआप त्यात लक्ष घालतो.

आधी दोन गॅरेजांत दाखवलं. दोन्हीकडे एकच उत्तर, ‘मॅडम, हवा हाय लाइनीत. दुसरं काय नाय.’ हवा काढायची, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. आता हवा असणं खोटं नव्हे. ब्रेक ऑईल दाबलं तरी आक्रसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. मध्ये बुडबुडा असला की तो आधी आक्रसतो आणि पॅडलचा प्रवास त्यातच खर्च होतो. पण प्रवास खर्च होण्याच्या जागा आणखीही आहेत, आणि त्या कुणी बघतच नाही. ‘स्पंजी’ म्हटलं की पाना थेट निपलवर, म्हणजे चाकामागच्या हवा काढायच्या स्क्रूवर.

त्यापेक्षा इंजिन बंद ठेवून गाडीत नुसतं बसावं आणि पाय काय सांगतो ते ऐकावं. भराभर दोन-तीनदा पंप केल्यावर पॅडल वर आलं आणि दगडासारखं झालं, तर शू ड्रमपासून लांब आहेत. ड्रममागच्या प्लेटवरच्या ॲडजस्टरने ते जवळ घ्यायचे. वर आलं पण अजूनही लवचिक लागतंय, तर हवेचा संशय घ्यावा. पाय दाबून धरला आणि पॅडल हळूहळू खाली सरकत गेलं, तर कुठेतरी ऑईल सुटतंय. बाहेर ओल दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरच्या (पॅडल ज्यातून ऑईल ढकलतं तो) आतले रबरी कप गेलेत. आमचं पॅडल सरकत नव्हतं. पंप केल्यावर वर यायचं, पण मऊ ते मऊच.

एक गैरसमज बाजूला काढते. ‘ऑईल जुनं झालं म्हणून ब्रेक स्पंजी’ असं सर्रास म्हणतात. ब्रेक ऑईल ग्लायकॉल-ईथरचं असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं, हे खरं. कोयनेकडच्या पावसात तर विचारूच नका. पण थंड असताना पाणी शिरलेलं ऑईलही तितकंच टणक असतं. भानगड होते ती तापल्यावर. नवं डॉट 3 (ब्रेक ऑईलचा एक दर्जा) किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मिसळलं की ही हद्द 140 वर येते. डॉट 4 ची 230 वरून 155 वर. लांब घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवला तर चाकापाशी शू ढकलणाऱ्या सिलिंडरमधलं ऑईल उकळतं, वाफ होते आणि पॅडल अचानक तळाला जातं. गाडी थंड झाली की पुन्हा जसंच्या तसं. तो आजार वेगळा. आमचं पॅडल सकाळी अंगणातसुद्धा मऊ होतं.

तरी ऑईल बदललंच, कारण ते चहाच्या रंगाचं झालेलं आणि पाण्यामुळे सिलिंडर आतून गंजतात. मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर उघडला. रबरी टोपी उचलली तर आत ओल, आणि बोअर, म्हणजे आतली पोकळी, उजेडात धरल्यावर गंजाचे खड्डे स्पष्ट दिसले. अशा बोअरमध्ये नवं रबराचं किट टाकून उपयोग नाही, नवे कपही तिथे फाटतात. लेथवाल्याकडून स्टेनलेसची स्लीव्ह टाकून घेतली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये संपल्या, तसे या गाडीचे सुटे भागही आटत चाललेत. किट मिळालं तरी त्यातलं रबर किती वर्षं पाकिटात पडून होतं, देव जाणे.

मग होज पाइपांची परीक्षा. आमच्या गाडीत रबरी होज तीन: पुढे दोन, मागच्या ॲक्सलला एक. जुनं रबर दाबाखाली फुगतं आणि पॅडलचा प्रवास तिथे जिरतो. तिन्ही होज बदलायचेच होते, म्हणून जुने बिनधास्त चिमटले (चांगल्या होजला हे करू नये, आतून चिरतो). तिन्ही बंद असताना पॅडल एकदम कडक, म्हणजे मास्टर निर्दोष. मागचा सोडला, किंचित फरक. पुढचा डावा सोडला, तसंच. पुढचा उजवा सोडला आणि पॅडल खाली गेलं.

नवे होज बसवले. उजवीकडचा मऊपणा थोडा कमी झाला, गेला नाही. सिलिंडर कोरडा, निपलमधून बुडबुडा नाही. मग गेला कुठे प्रवास?

उत्तर ड्रममध्ये होतं. हा ड्रम इतक्या वर्षांत लेथवर अनेकदा काढलेला, त्यामुळे आतून मोठा झालेला. शूवरचं घासणारं अस्तर, म्हणजे लायनर, मात्र नवे, मूळ मापाचे. दोन्हींची गोलाई जुळेना. ड्रमला आतून खडू फासला, चाक फिरवून हलका ब्रेक लावला आणि उघडून पाहिलं, तर खडू फक्त लायनरच्या मधोमध चार बोटं. टोकं कोरी! म्हणजे पाय दाबला की शू मध्ये टेकायचा आणि पुढचा सगळा जोर त्याला वाकवण्यात जायचा. स्प्रिंगच ती. यातून कितीही हवा काढा, काय निघणार?

बसस्टँडच्या मागे लायनर रिव्हेट करणारे एक चाचा अजून काम करतात. त्यांनी ड्रम हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘ताई, जाड लायनर लावतो आन् ड्रमच्या मापात घासून देतो. शू एकटे आणू नका, ड्रमसकट आणत जावा.’ तेवढं वाक्य त्या दोन गॅरेजांत कुणी म्हणालं असतं तर बरं झालं असतं. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे कॉम्प्रेसरने ड्रम फुंकायला मी कुणालाच देत नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

शेवटी ब्लीडिंग, म्हणजे लाइनीतली हवा काढणं. मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून सर्वांत लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, कारण जुन्या मास्टरमधले कप रोजच्या पट्ट्याबाहेरच्या गंजलेल्या भागात गेले तर तिथे कापले जातात. पॅडलवर लेक, निपलपाशी मी, आणि खुर्चीत नाना.

‘दाबू, आई?’

‘दाब. धरून ठेव.’

‘सोडू?’

‘अगं, निपल बंद कर आधी, मग त्याला सोडायला सांग! नाहीतर हवा परत आत ओढेल.’ हे खुर्चीतून. त्यांचं बरोबर होतं, पण मी निपल बंदच करत होते. तेवढ्यात मडगार्डवर ऑईल सांडलं. लगेच भरपूर पाणी ओतलं, नाहीतर रंग सोलून निघतो.

आता पॅडल एक तृतीयांश खाली जाऊन थांबतं आणि पाय दाबला तरी पुढे जात नाही. नाना पहिल्या वळणावर सवयीने पंप मारायला गेले आणि मागच्या सीटवरची भाजीची पिशवी पुढे आली.

एक तक्रार उरलीय. जोरात दाबलं की गाडी किंचित डावीकडे ओढते. माझ्या मते उजवे लायनर अजून पूर्ण बसलेले नाहीत. नाना म्हणतात टायरचा दाब. दाब मोजला, दोन्हीकडे सारखा निघाला. बारावीचे पेपर तपासून झाले की ड्रम पुन्हा उघडून खडू लावून बघेन. तोवर गाडी ओगलेवाडीच्या पुढे न्यायची नाही, असं ठरलंय.